तुम्ही म्हणजे किती जण

आमच्या आरीनं पहिल्यांदा झुम्राला घरी आणलं, तेव्हा ती आमच्या मांजरालासुद्धा अहो-जाहो करत होती. खोटं सांगत नाही. सोफ्यावर मांजर पसरलं होतं, त्याला म्हणाली, "तुम्ही जरा सरकता का?" मला असं हसू फुटलं की कॉफी नाकातून बाहेर आली. आरी, म्हणजे माझा धाकटा भाऊ, लालबुंद झाला. आई मात्र विरघळली. आमच्याकडं हल्ली शाळेतली पोरंसुद्धा मास्तरांना अरे-तुरे करतात, आणि ही बोस्नियाची चोवीस वर्षांची मुलगी आईला 'आपण' म्हणत होती. आई मला म्हणाली, "नेल, बघ जरा. शिक काहीतरी." मी म्हटलं, "आई, मी बाजारात हेरिंग विकते. एकेका गिऱ्हाइकाला अहो-जाहो करत बसले तर मासे कुजतील."

झुम्राचे वडील शाळामास्तर होते. त्यांच्या घरची शिस्तच तशी. वयानं मोठा माणूस दिसला की, मग तो डॉक्टर असो, टपालवाला असो, बसचा ड्रायव्हर असो नाहीतर गावचा दारुडा, त्याला तुम्हीच म्हणायचं. मास्तर लढाईत गेले. ही विसाव्या वर्षी एका बॅगेनिशी हॉलंडच्या निर्वासित छावणीत आली. शाळेत इंग्रजी पक्कं केलेलं, त्यामुळं छावणीत कुणाला डॉक्टरकडं जायचं असलं, कुणाला अर्ज लिहायचा असला, की बोलवा झुम्राला. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मग आरीशी लग्न, दोन मुली, आणि आमच्या लायडनमधल्या एका पुलावर नोकरी. बोट आली की घंटा वाजवायची, रस्त्याचं फाटक पाडायचं, पूल वर घ्यायचा. बोट गेली की खाली. सायकलवाले शिव्या घालतात, बोटवाले शिव्या घालतात, आणि झुम्रा दोघांनाही म्हणते, "आपला दिवस चांगला जावो." पुलापासून दोनशे पावलांवर दर बुधवारी आणि शनिवारी माझी मासळीची गाडी लागते. तिच्या आयुष्यातलं जे काही पाहिलं, ते मी मासे साफ करता करता पाहिलंय.

तिला एकोणचाळिसावं लागलं, त्या वर्षीची गोष्ट. आईचा वाढदिवस होता. आम्ही सगळे आपले गोलात खुर्च्या मांडून, मांडीवर केकची बशी घेऊन बसलेलो. मध्येच झुम्रा म्हणाली, "मी विद्यापीठात नाव घातलंय. कायद्याला."

"कुठल्या कायद्याला?" मी विचारलं. "बोटवाल्यांना दंड करायचा म्हणतेस?"

"आंतरराष्ट्रीय न्याय. मानवी हक्क."

"बाई गं! आणि पूल कोण उघडणार?"

"मीच. दोन बोटींच्या मध्ये बराच वेळ असतो, नेल."

आरीला आधीच माहीत असणार. त्यानं माझ्या बशीत आणखी एक केकचा तुकडा ठेवला, म्हणजे माझं तोंड बंद.

मला वाटलं, सहा महिन्यांत हौस फिटेल. कसली फिटतेय! पुलाच्या त्या केबिनमध्ये, कोट टांगायच्या खुंटीखाली, पुस्तकांची चळत लागली. करारांच्या कायद्यात ती दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली, एक हेरिंग घेतला, शेपटीला धरून आख्खा तोंडात सोडला आणि म्हणाली, "जूनमध्ये परत बसते." तिसऱ्यांदा दहापैकी सहा मिळाले. आमच्याकडं सहा म्हणजे पास, आणि त्याच्यावर कशाला जीव काढायचा असं आम्ही म्हणतो. पण ही बया साडेपाच गुणांच्या पेपरसाठीसुद्धा प्राध्यापकाला जाऊन विचारायची, माझं चुकलं कुठं. सात वर्षांनी पहिली पदवी मिळाली तेव्हा आरीनं शाळेतल्या पोरांचं करतात तसं घराबाहेर झेंडा लावला आणि काठीला तिची फाटकी बॅग टांगली. शेजारी विचारायला लागले, कुठली मुलगी पास झाली? आरी म्हणाला, "मुलींची आई."

मी तिची टर उडवायचे, आणि ती शिकत होती ते सगळं मला पटत होतं असंही मुळीच नाही. एकदा ती म्हणाली, "आरोपीलाही हक्क असतात. त्याचं नीट ऐकून घ्यायला हवं." माझं डोकंच फिरलं. हातात सुरी होती, ती फळीवर आपटली. म्हटलं, "ज्यांनी तुझ्या बापाला मारलं त्यांचं?"

"त्यांचं," ती म्हणाली. "त्यांचंच तर." आणि बोट आली म्हणून पळाली.

वरच्या पदवीचा वर्ग मात्र सगळा इंग्रजीतून. वीस देशांतली पंचविशीची पोरं, आणि त्यांत शेहेचाळीस वर्षांची ही. तिची प्राध्यापिका हेडविख, उंच, काटकुळी, बोलायला सरळ. पोरं हेडविखला अरे-तुरे करत, झुम्रा नाही. साक्षीदारांच्या जबान्यांवर हेडविखचा एक तास असायचा. झुम्राला तो फार आवडायचा, आणि प्रबंधही तिनं त्याच विषयावर घेतला होता. तीन प्रकरणं लिहून झाली होती. उन्हाळ्यात तो दिला की शिक्षण संपलं.

आता त्या बुधवारचं सांगते. भर बाजार होता. कालव्यात एक मोठी मालाची बोट येऊन उभी राहिली आणि भोंगा वाजवायला लागली. पूल उघडेना. एक भोंगा, दुसरा भोंगा, तिसऱ्याला नावाडी बाहेर येऊन ओरडायला लागला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी ॲप्रनसकट धावले आणि केबिनच्या काचेवर थापा मारल्या. आत झुम्रा खुर्चीत बसलेली, हातात एक कागद.

"अगं, बोट!" मी किंचाळले.

ती उठली, बटणं दाबली, पूल वर गेला, बोट गेली, पूल खाली आला. हात अगदी नेहमीसारखे चालले. मग परत खुर्चीत बसून मला म्हणाली, "नेल, हे इंग्रजी माझं आहे."

कागद हेडविखनं आदल्या दिवशी वर्गात वाटलेला. एका जुन्या निकालातला उतारा, साक्षीदाराचं नाव काढून टाकलेलं. पण भाषांतरातले मोडकेतोडके शब्द झुम्रानं ओळखले, जसं आपण आपली घातलेली शिवण ओळखतो. तेवीस वर्षांपूर्वी छावणीत एका न्यायालयाचा तपासनीस आला होता. तिच्याच गावची हाता नावाची बाई, सगळे तिला नेना हाता म्हणत, नेना म्हणजे आजी, तिची जबानी घ्यायची होती. दुभाषी वेळेवर आला नाही. म्हणून बोलवा झुम्राला.

हातानं सांगितलं ते असं. लढाईच्या दिवसांत शाळेच्या दारात बंदूकवाल्यांनी नऊ पुरुषांना बसमध्ये चढवलं, त्यांत तिचा मुलगा साल्को. गावचाच रांको बसचा ड्रायव्हर. बंदूकवाल्यांचा कमांडर बसकडं वळला आणि म्हणाला, "हे तुम्ही संपवा." ते नऊ जण परत आले नाहीत.

"तपासनीस इंग्रजीत लिहीत होता," झुम्रा म्हणाली. "इंग्रजीत राजाला 'यू' आणि कुत्र्यालाही 'यू', एकाला 'यू' आणि शंभरांनाही 'यू'. तो शहाणा माणूस होता, त्यानं मला विचारलं, हा 'यू' एक की अनेक? मी म्हटलं, एक. त्यानं कंसात लिहिलं : एक इसम, ड्रायव्हर."

"मग?"

"मग मी सगळं नेनाला आमच्या भाषेत वाचून दाखवलं. 'हे तुम्ही संपवा.' ती म्हणाली, बरोबर. तिनं अंगठा उमटवला आणि शेजारी सही केली. कंसातलं मी वाचलं नाही. कंसातलं कोण वाचून दाखवतं?"

खटला पुढं कितीतरी वर्षांनी उभा राहिला. कमांडर तोवर मेला होता. हाताचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, ती कोर्टात जाऊ शकली नाही. कागदच पुढं ठेवला गेला. हुकूम ज्याला दिला आणि ज्यानं तो पार पाडला तो माणूस म्हणून रांकोला वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यातली अकरा सरली होती, कुठल्याशा उत्तरेकडच्या देशातल्या तुरुंगात.

"काल वर्गात केनियाच्या मुथोनीनं तोच प्रश्न विचारला," झुम्रा म्हणाली. "एक की अनेक? आणि मी हात वर करून परत सांगितलं, एक. आमच्या भाषेत मानानं बोलताना एकालाही 'तुम्ही' म्हणतात. रांकोच्या बसनं मी रोज शाळेत जायचे. 'रांको, तुम्ही जरा थांबता का, माझी मैत्रीण येतेय.' मी त्याला नेहमी तुम्हीच म्हणायचे."

"तू म्हणत असशील," मी म्हटलं. माझं लक्ष गाडीकडं, गिऱ्हाइकं खोळंबलेली. "पण तो कमांडर काय मास्तराची पोरगी होता? हातात बंदूक असलेला माणूस बसच्या ड्रायव्हरला अहो-जाहो करतो होय? माझ्याकडं नगरपालिकेचा साधा इन्स्पेक्टर येतो, तोसुद्धा म्हणतो, ए, तुझा बर्फ दाखव."

बोलून गेले आणि तिचा चेहरा पाहिला. कागदासारखा पांढरा. माझीच जीभ मला टोचली. ती पुटपुटली, "तो एकाला बोलला असता तर 'तू' म्हणाला असता."

तिनं काही मुद्दाम ध चा मा केला नव्हता. उलट चांगल्या वळणानं घात केला. मी तिला तेच सांगितलं. म्हटलं, "आणि समज चुकलंच, तरी मरू दे ना त्याला! बस कुणी चालवली? त्यानंच ना?"

"त्यानंच. त्याची शिक्षा त्यानं भोगलीच पाहिजे," ती म्हणाली. "पण माझ्या कंसाची नाही."

दुसऱ्या दिवशी ती हेडविखकडं गेली. हेडविखनं दार लावून घेतलं, सगळं ऐकलं आणि सरळ सांगितलं : हे प्रबंधात येऊ शकत नाही. तू आता अभ्यासक नाहीस, या प्रकरणातली एक व्यक्ती आहेस. हा सगळा विषयच सोडावा लागेल, नवा घ्यावा लागेल, वर्ष जाईल. आणि हे मला नको, न्यायालयाला लिही. झुम्रा म्हणाली, "जाऊ दे वर्ष." मला हे कळल्यावर मी हेडविखच्या नावानं इतकी बोटं मोडली की आरी म्हणाला, नेल, तुझ्या बोटांना मासळीचा वास येतो, त्या बाईला लागणार नाही. पण मनात मलाही माहीत होतं की बाईचं बरोबर आहे. तीन प्रकरणं खोक्यात गेली.

आता हे नेना हाताला विचारल्याशिवाय कसं लिहायचं? हाता अठ्ठ्याऐंशीची, स्खीडम गावी एकटी राहते. मी झुम्राला माझ्या मोटारीतून नेलं. हातानं तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी उकळली, पालकाची पिता, म्हणजे त्यांच्याकडची भाजी भरून भाजलेली पोळी, पुढं ठेवली, झुम्राचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मला त्यांची भाषा येत नाही. काय बोलणं झालं ते झुम्रानं मला परतताना सांगितलं, शब्दन् शब्द. आता ती शब्द गाळत नाही.

झुम्रानं विचारलं, "नेना, त्या दिवशी तो 'तुम्ही' म्हणाला, ते ड्रायव्हरला मानानं म्हणाला की सगळ्यांना?"

"मानानं?" हाता हसली. "त्या डुकरानं स्वतःच्या बापाला कधी मान दिला नाही. सगळ्यांना म्हणाला. उभे होते की तिथं."

"मी तपासनिसाला एकालाच म्हणून सांगितलं. तुम्हाला न विचारता. मला वाटलं, मला कळलंय."

हातानं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आता काय पाहिजे तुला?"

"न्यायालयाला कळवायचंय. रांकोची शिक्षा कदाचित कमी होईल."

एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं : म्हातारी उठली, झुम्राच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि कॉफी बेसिनमध्ये ओतून दिली. म्हणाली, "माझा साल्को बसमध्ये चढला, तेव्हा दार कुणी लावलं? रांकोनं. मास्तरांची मुलगी तू, आणि त्याची वकिली करायला माझ्या घरी आलीस? ऊठ."

आम्ही उठलो. पिता तशीच राहिली. मोटारीत झुम्रा रडली नाही, पण पट्टा लावायला तिला तीनदा खटपट करावी लागली. माझा जीव तुटत होता आणि रागही येत होता, कुणाचा ते मला सांगता येत नाही. मी म्हटलं, "झालं ना आता? केलंस तेवढं पुष्कळ. सोड." ती म्हणाली, "नाही."

तिनं शपथेवर निवेदन लिहिलं : चूक माझी, अशी झाली, या कारणानं झाली. न्यायालयाकडून उत्तर आलं, चार ओळींचं. दुभाषी स्वतःची चूक कबूल करू शकते. साक्षीदाराला काय म्हणायचं होतं, हे मात्र साक्षीदारच सांगू शकते. म्हणजे सगळं नेना हातावर येऊन अडलं. हाताचं वय अठ्ठ्याऐंशी, हृदय शिवलेलं, आणि दार बंद.

गोष्ट फुटायला कितीसा वेळ! रविवारी ज्या बोस्नियन बायका एकत्र जमून शिवणटिपण करायच्या, त्यांनी झुम्राला बोलावणं बंद केलं. एकीनं दुकानात तोंडावर सांगितलं, रांकोची वकीलबाई आली बघा. वीस वर्षांच्या मैत्रिणी त्या. मी तिथं असते तर त्या बाईच्या पिशवीत बर्फ ओतला असता. झुम्रानं तिला नमस्कार केला आणि दूध घेऊन घरी आली. मुली म्हणाल्या, आई, पुरे कर. आरी तेवढा म्हणाला, "आगगाडीचं वेळापत्रक मी पाहून ठेवतो."

तर दर मंगळवारी, पुलावर सुट्टीचा तिचा तोच दिवस, ती आगगाडीनं स्खीडमला जायची. घंटा वाजवायची. आत पावलांचा आवाज यायचा, दार उघडायचं नाही. दाराबाहेरूनच ती बोलायची : नेना, माझी चूक आहे, तुम्हाला नुसतं सांगायचंय, नेना, रांको निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. अर्धा तास उभं राहून परत. आणि रात्री नव्या प्रबंधाची टिपणं. नवा विषय होता पुरावे कसे जपून ठेवायचे त्याचा, कोरडा ठणठणीत, पण तिनं तोही रेटला. नऊ मंगळवार गेले. मी म्हटलं, "म्हातारी तुझ्यापेक्षा हट्टी आहे." ती म्हणाली, "तिचा मुलगा गेलाय, नेल. तिचा हक्क आहे."

दहाव्या मंगळवारी मी सोबत गेले. एकटीनं तिनं त्या दारापुढं उभं राहावं हे मला बघवेना. आगगाडीत ती तिचं निवेदन परत वाचत होती, शंभराव्यांदा. डेल्फ्टचं स्टेशन मागं पडलं आणि ती एकदम ताठ बसली.

"उभे होते," ती म्हणाली.

"कोण?"

"तेच! नेना त्या दिवशी म्हणाली, सगळ्यांना म्हणाला, उभे होते की तिथं. आणि मी पुढं रांकोचं बोलायला लागले. मी विचारलंच नाही कोण. नेल, मी परत तेच केलं. परत मला वाटलं मला कळलंय." तिनं कपाळावर हात मारून घेतला. समोर बसलेला माणूस पेपरातून डोकं काढून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "तू वाच तुझं."

हाताच्या दाराला गुडघ्याएवढ्या उंचीवर टपाल टाकायची फट आहे. झुम्रानं घंटा वाजवली नाही. ती पायपुसण्यावर गुडघे टेकून बसली, शेहेचाळीस वर्षांची बाई, चांगला कोट घातलेली, फटीचं झाकण उचललं आणि आत म्हणाली, "नेना, रांकोचं राहू द्या. त्याचं नाव काढत नाही. मला एवढंच सांगा, 'तुम्ही' म्हणजे कोण कोण?"

आतून मला घड्याळाची टिकटिक ऐकू आली, आणि वाटलं, म्हातारीला काही झालं तर नाही ना. मग साखळी निघाल्याचा आवाज झाला. दारात हाता उभी, पांढरा रुमाल डोक्याला.

"तेवीस वर्षं," ती म्हणाली. "तो साहेब आला, वकील आले, पत्रं आली. हे कुणी विचारलं नाही. 'हे तुम्ही संपवा' एवढं लिहून घेतलंत आणि पुढच्या प्रश्नाला गेलात. मला वाटलं, तुम्हाला बाकीचे नकोच असतील. ये आत."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. झुम्रानं वही काढली. नावं मी इथं सांगणार नाही, ते काम आता न्यायालयाचं आहे. पण भाषा येत नसली तरी नावं कळतात हो. एक नाव आलं, दुसरं आलं. प्रत्येक नावाला झुम्रा थांबायची आणि विचारायची, शांतपणे, पुस्तकातून सात वर्षं शिकलेलं सगळं लावून : तुम्ही स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं? किती अंतरावरून? हातात काय होतं? तोंड दिसत होतं? हाता वैतागली. म्हणाली, "त्यांना लंगोटात पाहिलंय मी, पोरी. तोंड काय विचारतेस?" झुम्रा म्हणाली, "तरी सांगा, नेना." आणि हातानं सांगितलं. यांतले तिघं अजून जिवंत. एकाचं रंगाचं दुकान आहे, हाताच्या बहिणीच्या घरासमोर. ती बहीण त्याच्याकडून खिडक्यांना रंग आणते, कारण गावात दुसरं दुकान नाही.

झुम्राच्या त्या एका शब्दानं एक माणूस अकरा वर्षं जास्तीच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याच शब्दानं बाकीचे मोकळे फिरत होते, हे त्या टेबलाशी बसल्यावर कळलं.

चौथं नाव झालं. पाचवं हातानं लगेच सांगितलं नाही. तिनं झुम्राच्या मनगटावर हात ठेवला आणि मग सांगितलं. झुम्राचं पेन थांबलं. मला तिनं नंतर सांगितलं : तो तिच्या वर्गातला, मास्तरांकडं फुकट शिकवणीला यायचा, त्यांच्याच टेबलावर जेवायचा. तिच्या वडिलांनी त्याला लिहायला शिकवलं होतं. मी तिचा चेहरा पाहत होते; वाटलं, वही ओढून घ्यावी आणि हिला घरी न्यावं. तिनं नाक पुसलं. पाण्याचा घोट घेतला.

"आडनाव सांगा, नेना," ती म्हणाली. "आणि वडिलांचं नाव. दुसऱ्या कुणाशी घोटाळा नको."

हातानं सांगितलं. तिनं लिहिलं, पूर्ण.

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"स्वतः."

"किती अंतरावरून?"

"इथून त्या खिडकीएवढ्या."

तेही लिहिलं. मग पान उलटून झुम्रानं विचारलं, "आणखी कोण होतं?"

हातानं टेबलावरचा पाव उगाच इकडचा तिकडं केला. मग म्हणाली, "सहावा रांको. त्यालाही लिही."

"काय लिहू, नेना?" झुम्रानं विचारलं. "तुम्ही सांगाल ते लिहिते."

म्हातारीनं डोळे मिटले. "लिही," ती म्हणाली, "सहांतला एक."